हौसाचे जावळ

मांजरा नदी जेथे मोठे वळण घेते, तेथे उजव्या तीरावर धानोळे नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला चिंचांची राई, राईत एक दगडी ओटा आणि ओट्यामागे गवती छपराचा मठ. श्रीनिवांतनाथ महाराजांचे उत्तरायुष्य याच मठात गेले. ते मूळचे कोठले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. विचारले असता, "तुमच्याच गावचा आहे, मध्यंतरी जरा बाहेर होतो," असे म्हणून ते हसत.

महाराजांच्या मस्तकावर जटांचा मोठा भार होता. ते बसले असता जटा मांडीवर येत. भक्तजन त्यांना स्पर्श करून तो हात डोळ्यांना लावीत. एखादा गळलेला केस सापडला तर चांदीच्या ताइतात घालून गळ्यात बांधीत. महाराजांना हे रुचत नसे. परंतु कोणाचे मन मोडणे त्यांना त्याहूनही रुचत नसे, म्हणून ते काही बोलत नसत.

माघातल्या उत्सवात मठाच्या ओट्यावर मुलांची जावळे काढण्याची गावाची रीत होती. नवसाने झालेल्या मुलाच्या केसांना त्या दिवसापर्यंत कात्री लागत नसे. जावळ काढण्याचे काम लिंबाजी न्हाव्याकडे पिढीजात होते. लिंबाजी मोठा भाविक व अबोल मनुष्य. त्याला व त्याची पत्नी गयाबाई हिला पुष्कळ वर्षे मूल नव्हते. अखेर मठात बोललेल्या नवसाने त्यांना मुलगी झाली. तिचे नाव त्यांनी हौसा ठेवले आणि पाचव्या वर्षीच्या माघात तिचे केस देवाला वाहायचे ठरवले. केस कमरेपर्यंत वाढले. लोक लिंबाजीची थट्टा करीत.

"गावाची डोकी भादरतोस, अन् घरात केसाचं रान वाढवतोस व्हय रे?"

"ते रान देवाचं हाय, मामा. म्या निस्ता राखणदार," लिंबाजी म्हणे.

पाचवे वर्ष लागले आणि दसऱ्याच्या सुमारास हौसा तापाने अंथरुणाला खिळली. अंगावर काळेनिळे डाग उमटू लागले. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला शहरातील मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथे रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तेथील डॉक्टरांनी लिंबाजीला समजावून सांगितले की या रोगातून पुष्कळ मुले बरी होतात. मात्र औषधाच्या फेऱ्या ठरल्या वेळी झाल्या पाहिजेत, मध्ये खंड पडता कामा नये. लिंबाजीने मान डोलावली, तो बाहेर आला आणि मिळेल त्या गाडीने थेट मठात येऊन महाराजांच्या पायांवर पडला.

"महाराज, अंगारा द्या. तुमच्या हातचा अंगारा लावतो, दुसरं काय नको."

येथे वाचक साहजिकच विचारील की महाराज समर्थ होते, तर त्यांनी रोगच का नाहीसा केला नाही? हाच प्रश्न त्या दिवशी ओट्यावरील एका गृहस्थाने विचारला होता. महाराज म्हणाले, "विहीर भरलेली असताना मी आभाळाकडे ओंजळ का धरायची? ज्याने ते औषध शोधले, त्याच्या बुद्धीत कोण बसला होता असे तुम्हाला वाटते?" त्यांनी लिंबाजीला अंगारा दिला, पण तो देताना बजावले, "हा कपाळाला. औषध पोटाला. एकाचे काम दुसऱ्याला सांगू नकोस."

औषध महाग होते व मुक्काम लांबचा होता. त्या वर्षी गावात मठाच्या पालखीला चांदीने मढवण्यासाठी वर्गणी जमत होती. उत्सवाचे प्रमुख व्यंकटराव देशमुख. त्यांचा कापसाचा जिन-कारखाना होता आणि त्यांच्या शब्दाला पंचक्रोशीत मान होता. महाराजांनी त्यांना बोलावून घेतले.

"व्यंकटराव, माझ्या गुरूंच्या पादुका लाकडी पालखीत सुखाने बसतात. जमले आहे ते हौसाच्या औषधाला द्यावे. तिच्या शेजारच्या खाटांवरही मुले आहेत, त्यांनाही त्यातले पोचावे."

व्यंकटराव चपापले. "महाराज, आपली आज्ञा, पण स्पष्ट बोलतो. पालखी पिढ्यान् पिढ्या राहील. ती लेकरं वाचतील याची खात्री कोण देणार?"

"पंगतीत बसलेल्याला उद्या पुन्हा भूक लागणार, हे आपल्याला ठाऊक असते," महाराज शांतपणे म्हणाले. "म्हणून आज आपण वाढायचे थांबतो का?"

चारचौघांत नाही म्हणता येईना, म्हणून व्यंकटरावांनी होकार दिला. हौसाची पहिली फेरी पार पडली. ताप उतरला. मुलगी उठून बसू लागली, दूध मागू लागली. परंतु त्या औषधाचा एक परिणाम असा की त्याने केस गळतात. डॉक्टरांनी हे आधी सांगितले होते. गयाबाईने ते ऐकलेही होते. पण एके सकाळी उशीवर केसांचा थर पाहिल्यावर ऐकलेले सगळे ती विसरली. तिने एकेक केस वेचून चोळीच्या खणात बांधला. डोक्याला फडके गुंडाळलेल्या मुलीला घेऊन नवराबायको माघात गावी परतले. उत्सवानंतरच्या सोमवारी दुसऱ्या फेरीसाठी जायचे होते.

व्यंकटरावांच्या मनातली पालखी अजून उतरली नव्हती. त्यांना हवे ते निमित्त मिळाले. पारावर भरल्या लोकांत त्यांनी लिंबाजीला हाक मारली.

"काय रे लिंबाजी, गावाची जावळं काढून पोट भरलं नाही, म्हणून देवाचंच जावळ गिळलंस?"

"मालक, औषधानं गळाले जी. डाक्टर म्हनले, पुन्हा येत्याल."

"पुन्हा येतील ते तुझे! देवाला बोललेले गेले ते गेले. अरे, केस आपोआप गळतात ते देवाचा कोप असल्याशिवाय? देवानं नवस झिडकारला तुझा. आणि कोप झालेल्या घरात जो दान घालील, तो त्या कोपाचा वाटेकरी. मी तर बुवा या वस्तऱ्याखाली डोकं देणार नाही. बाकीच्यांचं बाकीचे पाहतील."

बाकीच्यांनी व्यंकटरावांच्या तोंडाकडे पाहिले आणि जे पाहायचे ते पाहिले. लिंबाजीकडे दाढीलाही कोणी येईना. वर्गणीची पेटी व्यंकटरावांच्या घरात कुलूपबंद झाली. उत्सवासाठी तालुक्याहून दुसरा न्हावी सांगितला गेला.

परंतु माझ्या मते पेटीला लागलेले कुलूप हे खरे संकट नव्हते. पेटी पुन्हा उघडता आली असती. खरे संकट असे की व्यंकटरावांचे बोलणे गयाबाईला पटले. आई भ्याली की तिला तर्क ऐकू येत नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "आता न्हाई न्यायचं तिला. दवाखान्यानं देवाचे केस नेले, आता लेकरू नेईल. मला माजं लेकरू हितंच असू द्या." लिंबाजीने समजावले, विनवले, पाया पडला. ती हलेना. सोमवार जवळ आला.

उत्सवाची सकाळ उजाडली. राई माणसांनी भरली. ओट्याच्या एका अंगाला तालुक्याच्या न्हाव्यापुढे मुलांची रांग लागली होती. दुसऱ्या अंगाला लिंबाजी रीतीप्रमाणे आपली हत्यारांची धोकटी घेऊन, पुढे रिकामा पाट मांडून बसला होता. त्याच्याकडे कोणी फिरकले नाही. झाडाआड गयाबाई पदराखाली हौसाला घेऊन उभी होती.

महाराज मठातून बाहेर आले. व्यंकटराव हार घेऊन पुढे सरसावले. त्यांच्या गळ्यात महाराजांच्या केसाचा ताईत चमकत होता. महाराज त्यांच्या बाजूने निघून सरळ लिंबाजीच्या पाटावर जाऊन बसले.

"लिंबाजी, धोकटी उघड."

"कुनाचं जावळ हाय, महाराज?"

"माझे."

महाराज म्हणाले, "देवाला बोललेले केस वाटेत हरवले, असे गावाचे म्हणणे आहे. मग त्यांच्या जागी माझे घे आणि एकदाचा नवस फिटू दे."

लिंबाजीच्या डोळ्यांना धारा लागल्या. "महाराज, मला दुसरं काय बी सांगा. ह्या जटेवर माजा हात चालनार न्हाई."

"चालेल कसा?" व्यंकटराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग व भीती दोन्ही होती. "तिथं वस्तऱ्याचं काम नाही, मेंढरं कातरायची कात्री आणावी लागेल! आणि नवस मोडलेल्या हातानं महाराजांच्या मस्तकाला शिवायचं? महाराज, आम्ही काय पाहतो आहोत हे?"

"पाहा म्हणजे कळेल," महाराज म्हणाले. "लिंबाजी, नुसते पाणी लाव."

लिंबाजीने वाटीत बोटे बुडवली आणि दोन्ही तळवे महाराजांच्या मस्तकावर ठेवले. काय आश्चर्य! ती वर्षानुवर्षांची जटा, जी ओढून हलली नसती, अलगद सुटून त्याच्या हातांत आली. मागे ना जखम राहिली, ना एक खुंट. हौसाचे केस उशीवर आले होते, तसेच हे केस लिंबाजीच्या ओंजळीत आले. धोकटीतला वस्तरा अजून मिटलेलाच होता.

या प्रसंगाचा दुसरा एक पाठ आहे. त्यात लिंबाजीने वस्तरा लावल्याचे सांगतात. तो मला ग्राह्य वाटत नाही, कारण त्या दिवशी ओट्याजवळ उभ्या असलेल्या सर्व वृद्धांनी एकमुखाने सांगितले आहे की वस्तरा पुढे उघडला गेला तो वेगळ्याच माणसासाठी, आणि ते या कथेत लवकरच येईल. कोणी असेही म्हणेल की जटा जुनी होती, मुळे सैल झाली असतील. असतील. मी एवढेच विचारीन की ती नेमकी त्याच सकाळी, त्याच हातांत का सुटावी?

प्रथम हलली ती हौसा. आईच्या पदरातून निसटून ती ओट्यावर चढली, महाराजांच्या गुळगुळीत मस्तकावरून तिने हात फिरवला आणि स्वतःच्या डोक्याचे फडके काढून आपले डोके चाचपून पाहिले.

"महाराज, तुमचे बी दवाखान्यात गेले?"

"हो ग माय. तुझ्यासारखेच."

"दुखत न्हाई. निस्तं गार लागतं," असे म्हणून तिने ते फडके महाराजांच्या डोक्यावर घातले आणि हनुवटीखाली गाठ मारू लागली. गाठ काही तिला जमेना. महाराज हनुवटी वर करून स्वस्थ बसून राहिले.

मग ते व्यंकटरावांकडे वळले. "व्यंकटराव, केस आपोआप गळतात तो देवाचा कोप, असा तुमचा न्याय. आता माझ्याविषयी काय म्हणता?"

महाराजांवर देव कोपला असे म्हणावे, तर व्यंकटरावांची जीभ रेटेना. न म्हणावे, तर त्या लेकरावर तो कोपला हे कशावरून? ज्या वाटेने त्यांनी लिंबाजीला घेरले होते, त्याच वाटेवर ते स्वतः अडकले.

महाराजांनी गयाबाईला जवळ बोलावले. "माय, ज्याला केस द्यायचे होते, तो त्या दवाखान्यातही असतो. तिथेच त्याने ते घेतले. जावळ पोचले. आता सोमवारी लेकराला घेऊन निघ."

गयाबाईने कनवटीचा खण काढून महाराजांच्या जटेवर ठेवला आणि ती मोकळेपणाने रडली. "जाते, महाराज," एवढेच ती म्हणाली.

तेवढ्यात जटेतला एखादा केस मिळावा म्हणून लोक पुढे लोटले. महाराजांनी हात वर केला. "हे सगळे मांजरेत सोडायचे आहे. माझी खूण ज्याला जवळ हवी असेल, त्याने त्या दवाखान्यातल्या एका मुलाच्या औषधाचा खर्च आपल्या अंगावर घ्यावा. याहून जवळची खूण माझ्यापाशी नाही."

व्यंकटराव पुढे आले. त्यांनी गळ्यातला ताईत सोडून ओट्यावर ठेवला, घरून वर्गणीची पेटी आणण्यास गड्याला सांगितले आणि ते महाराजांच्या पायांशी वाकू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथे नव्हे," असे म्हणून ते पाटावरून उठले आणि त्यांनी रिकाम्या पाटाकडे बोट दाखवले.

व्यंकटराव पाटावर बसले आणि फेटा उतरवून त्यांनी गुडघ्यावर ठेवला. "लिंबाजी, माझंबी काढ."

"मालक, तुमी..."

"आज मालक म्हणू नको, बाबा. चुकलो मी. काढ." आणि त्यांनी मान खाली घातली. लिंबाजीने वस्तरा उघडला तो तेव्हा. व्यंकटरावांच्या मागे गावकऱ्यांची रांग लागली, आणि त्या दिवशी लिंबाजीच्या पाटापुढे जे जे पैसे पडले, ते सर्व त्या मुलांच्या उपचाराला गेले.

हौसाच्या सर्व फेऱ्या वेळेवर झाल्या. ती बरी झाली. कुरळे, दाट केस घेऊन ती पुन्हा ओट्यावर खेळू लागली. "हे आता कुनाचे, महाराज?" असे गयाबाईने विचारले, तेव्हा महाराज म्हणाले, "तिचे. वेणी घाल." तिच्या शेजारच्या खाटेवरचा एक मुलगा मात्र परतला नाही. त्याचे औषध व्यंकटराव देत होते. बातमी आली तेव्हा ते मठातच होते. खात्रीविषयी ते काही बोलले नाहीत. त्या खाटेवर आता कोणाचे लेकरू आले आहे, एवढेच त्यांनी विचारले.

धानोळ्याची पालखी आजही लाकडी आहे. माघात जावळाची रांग लागते, तेव्हा औषधाने केस गेलेल्या लेकराला पहिला मान असतो. त्याच्या मस्तकाला केवळ पाणी लावतात आणि जावळ पोचले असे म्हणतात. पुढे वृद्धपणी व्यंकटरावांना दिसेनासे झाले, तरी ते त्या दिवशी काठी टेकत ओट्यावर येत. अशा लेकराला पाटावर बसवले की ते फेटा काढून गुडघ्यावर ठेवीत, हाताने चाचपडत त्याची इवलीशी पावले शोधीत आणि त्यांवर आपले मस्तक टेकीत.