बांधाबाहेरचे गवत

खाडीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध राहत असे. भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधाची राखण करण्यात त्याचे आयुष्य गेले. गाव त्याला आबा म्हणे. जीभ मिरचीची, पण माया अपार. त्याच्या हाताखाली एक तरुण शिष्य बांधाचे काम शिकत होता.

वैशाखातल्या एका सकाळी शिष्य पडल्या चेहऱ्याने आला. "आबा, उद्या येत नाही. बायकोला माहेरी पोचवतो. कायमची."

मग तो सांगू लागला. गेल्या पावसाळ्यात त्याची चिमुरडी लेक तापाने गेली. तेव्हापासून बायको मुकी झाल्यासारखी. हाक मारली तर ओ नाही, सणवार नाही. "आई म्हणते, ही आता माणसांत यायची नाही. मलाही सोसवत नाही हो!"

आबांनी पंचा खोचला आणि बांध उतरून ते थेट बाहेरच्या चिखलात गेले. तिथले खारे गवत उन्हाने वाळून करडे पडले होते. आबा ते दोन्ही मुठींनी उपटू लागले.

"अहो आबा! हे काय करताय?"

"राबाला नेतो. पेरणीआधी जमीन भाजायला काहीतरी लागतंच ना? आणि हे तर मेलेलंच आहे."

या गवताला हात लावणाऱ्याला याच म्हाताऱ्याने गावभर शिव्या घातल्या होत्या! शिष्याने धावत जाऊन आबांचे हात धरले. "मेलेलं कुठं? तुम्हीच शिकवलंत ना? उन्हाळ्यात चिखलात खार चढतो, म्हणून वरून वाळतं. मुळं जिवंत असतात. त्यांनीच चिखल धरलाय, म्हणून बांध उभा आहे. पावसानं खार धुतला की पुन्हा हिरवं होतं. आत्ता उपटलंत तर उगवणार काय?"

आबांनी मुठी सोडल्या. "शाब्बास! गवताची एवढी कणव, मग बायकोनं तुझं काय घोडं मारलंय रे?"

शिष्याने आबांचे हात सोडले.

म्हातारा खवचट खरा, पण आता त्याचा आवाज मऊ झाला. "लेका, वाळणं हीसुद्धा जगण्याचीच रीत आहे. सोसवेनासं झालं की जीव वरचं सगळं सोडून आत उतरतो. त्याला उपटायचं नसतं, खार धुवायचा असतो. लेक गेल्यापासून तुझ्या घरात तिचं नाव कुणी घेतलंय?"

"आई म्हणाली, नाव काढू नका, सूनबाईला त्रास होईल."

"आणि तू?"

"मला धीर होत नाही, आबा."

"मग पाऊस पडणार कुठून?"

शिष्य घरी गेला. बायको मागल्या दारी बसली होती. शेजारी सासूने तिचे गाठोडे बांधून ठेवले होते. ते बाजूला सारून तो तिच्याजवळ बसला. म्हणाला, "आपली शेवंती खेकड्यांना किती भ्यायची, नाही?"

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

"भीत नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही उचलून घ्यावं, म्हणून रडायची."

आणि मग दोघेही पोटभर रडले.