पाची बोटं

"...मग सांगा बाबा, घरच्यांचा त्रास मोजता येत नाही असं आता कोण म्हणेल?"

हेरंबाने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच हसला. शहरात वैद्यकी शिकून तो नागेशबाबांच्या मठात राहायला आला होता. पोरगा बुद्धीने तल्लख, पण ती चारचौघांना दिसावी याची त्याला भारी हौस.

बाबा अंगणात अडुळशाची पानं निवडत बसले होते. "कसा मोजलास?"

"आजाऱ्याला काय, सगळेच विचारतात. मी घरच्यांना विचारलं. दौलती सुताराला लघवी आवरत नाही, मूत्राशय दुबळं झालंय. पण झोप कुणाची मोडते? रोजची धुणी कुणाच्या गळ्यात? सुनेच्या. तिला आकड्यात सांगता येईना, म्हणून म्हटलं, बोटांनी दाखव. त्रास नसेल तर मूठ, फार असेल तर पाची बोटं."

"मग?"

"झोपेला पाच, धुण्याला पाच. माहेरी जाता येत नाही, त्याला तर बिचारीने दोन्ही हातांची बोटं दाखवली. मी औषध देऊन आलो. आणि काल पुन्हा गेलो, तर जे विचारावं त्याला सुनेची मूठ! अंथरूण खडखडीत कोरडं."

बाबांचा हात पानांवरच थांबला.

"तू हे विचारत होतास तेव्हा दौलती कुठे होता?"

"तिथेच, खाटेवर. पण तो ठार बहिरा आहे, बाबा. म्हणून तर बिनधास्त समोर विचारलं."

"डोळ्यांनीही बहिरा आहे का रे?"

हेरंबाची नजर आपल्याच बोटांकडे गेली.

"काल त्याची जीभ पाहिलीस?"

"नाही... अंथरूण पाहिलं."

बाबा उठले. मांडीवरची पानं अंगणभर सांडली, तिकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

दोघं दौलतीच्या घराकडे निघाले. ऊन रणरणत होतं आणि म्हातारे बाबा पुढे, तरणाताठा हेरंब मागे.  ते औषध इतक्या लवकर लागू पडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याने काल यश आपल्या पदरात पाडून घेतलं होतं.

दौलतीची सून कौसा दारातच उभी होती.

"बरं झालं आलासा. मामंजी सकाळधरनं उठंनात. पानी म्होरं केलं की त्वांड फिरवत्यात."

दौलती भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओठांना भेगा पडल्या होत्या, डोळे खोल गेले होते. हेरंबाने त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अंगात पाणीच उरलं नव्हतं. आपण माणूस मारला, एवढं एकच हेरंबाच्या मनात येत होतं.

सासऱ्याने पाणी का सोडलं, हे कौसाला आत्ता उमगलं. ती हेरंबाकडे वळली.

"तुमी इचारलंसा म्हनून दावली बोटं. मी काय त्यास्नी मरा म्हनले व्हते का?"



बाबांनी कुणालाच बोल लावला नाही. त्यांनी दौलतीच्या खांद्याला धरून त्याला आपल्याकडे वळवलं. मग तांब्याभर पाणी मागितलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर घटाघटा पिऊन टाकलं. मग दुसरा तांब्या मागितला.

"सूनबाई, खाटेशेजारी माझंही अंथरूण घाल. खाली मेणकापड घालायला विसरू नकोस."

"तुमाला, बाबा?"

"मला."

कौसाने मेणकापड पसरलं, वर गोधडी टाकली. बाबा त्या गोधडीवर ऐसपैस बसले आणि तांब्या दौलतीपुढे धरला.

दौलती त्या मेणकापडाकडे बघत राहिला. मग बाबांकडे. मग भीतभीत सुनेकडे...

कौसाने त्याच्या मानेखाली हात घातला. तिचे डोळे वाहत होते, पण हात हलला नाही.

एक घोट गेला. ओठ पुन्हा मिटले. तांब्या तसाच ओठांशी राहिला.

हेरंब दाराशी उभा होता. 

"बाबा... वाचतील ना हे?"

बाबांनी तांब्या खाली ठेवला नाही.

"याचं अंथरूण ओलं झालं, की गावात पेढे वाट."