न घटणारा रांजण

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसं त्याचं नवल करीत नसत, घरोघरी एक रीत होती. चूल पेटण्याआधी घरची बाई शिजवायच्या तांदळातून एक मूठ मागे काढी आणि कोपऱ्यातल्या रांजणात टाकी. ती मूठ अडल्या दिवसासाठी. तो दिवस कोणता, हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईचा. तिने रांजणावर हात ठेवून 'आज अडला दिवस आहे' असं म्हणावं, मगच झाकण निघावं. झोपडीत हाच नियम, राजवाड्यातही हाच.

राजा हेमांगाची राणी पद्मगंधा हिने बावीस वर्षं मूठ काढली. तिचा रांजण पुरुषभर उंच होता आणि गळ्यापर्यंत भरला होता. मग एका वर्षी पाऊस फिरकला नाही. राजाने कोठारं प्रजेसाठी उघडली आणि ती रिकामी झाली. त्याच वर्षी राणीला तापाने धरलं. वैद्य म्हणाले, औषध मी देतो, पण महिनाभर पोटभर अन्न हवं. राणी मात्र अर्ध्या ताटावरून उठत राहिली. दासींनी रांजण उघडायला विनवलं, तर म्हणाली, अजून तो दिवस आला नाही. राजा शेजारी उभा होता. राणीच्या काटकसरीचं कौतुक त्याने भर दरबारात कितीदा तरी केलं होतं. तो काही बोलला नाही. राणी गेली. रांजण भरलेला राहिला.

तिचे दिवस उरकल्यावर राजाने कालकंठ नावाच्या मांत्रिकाला बोलावलं. म्हणाला, यातले दाणे तिच्या हातचे आहेत, यातला एकही कमी होऊ नये असं कर.

कालकंठाने विचारलं, "महाराज, जे घटत नाही ते वाढत जातं. चालेल?"

"चालेल," राजा म्हणाला. कशातून वाढेल, हे त्याने विचारलं नाही.

मांत्रिकाने रांजणाच्या तोंडाला काळ्या मातीचा लेप दिला आणि तो आपल्या डोंगरात निघून गेला.

पुढल्या वर्षी पाऊस आला, पिकं आली. राज्यातल्या प्रत्येक ताटातून रोज एक शीत नाहीसं होऊ लागलं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या वर्षी चिमूटभर भात जाऊ लागला. सहाव्या वर्षी मूठभर. जेवणारा पहिला घास घ्यायला हात पुढे करी, तोवर भातावर पाच बोटांचा खळगा पडलेला असे. इकडे राजवाड्यातला रांजण वाढत छताजवळ पोचला.

मोठ्यांच्या ताटातून मूठ गेली तरी चार घास उरत. लहान मुलांचं ताटच मुठीएवढं. मुलं वाळू लागली.

राजाने फर्मान काढलं की सर्वांनी कमी शिजवावं आणि जपून वाढावं. शिजवलेलं कमी झालं, मूठ तेवढीच राहिली. तेव्हा युवराज जयकेतु चिडला. त्याने नवी कोठारं फोडली, चाळीस हंडे चढवले आणि साऱ्या नगराला पंगतीला बसवलं. एवढ्यातून कितीसं जाईल, असं तो सर्वांना सांगत होता. त्या दिवशी मूठ हंड्याएवढी झाली. चाळीसही हंडे खरवडल्यासारखे निघाले आणि लोक पाण्यावर उठले.

तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोलत नसत. जे सांगायचं ते युवराजाची बायको चारुमती हिच्या तोंडून. राजा म्हणे, तुझ्या नवऱ्याला विचार, पंगत पचली का. युवराज म्हणे, तुझ्या सासऱ्यांना विचार, रांजणाला जागा कमी पडत असेल तर माझी खोलीही देतो. चारुमती दोघांचंही ऐके आणि कुणाचं काही कुणाला सांगत नसे.

राणी गेल्यावर ती या घरात आली होती. घरची बाई तीच होती, पण मूठ काढण्याचा मान तिला कुणी दिला नव्हता. तिची मुलगी बकुळा पाच वर्षांची. एका सकाळी बकुळा अंथरुणावरून उठली नाही. वैद्यांनी नाडी पाहिली आणि बाहेर येऊन चारुमतीला सांगितलं की अन्न पोटात गेलं नाही तर तिसऱ्या दिवसाचा सूर्य बुडेपर्यंतच ही मुलगी आहे.

चारुमतीने मुसळ उचललं आणि शिडीवर चढून रांजणावरच्या लेपावर घातलं. मुसळ दुभंगलं.

"चांगलं मुसळ होतं," खिडकीतून कुणी म्हणालं.

खिडकीत धनेश पक्षी बसला होता. त्याने सांगितलं की त्याची बायको झाडाच्या ढोलीत अंड्यावर बसली आहे. ढोलीचं तोंड मातीने लिंपलेलं आहे, आणि फटीतून तो तिला उंबरं भरवतो. पण आता चोचीतली उंबरंही वाटेत नाहीशी होतात.

"दहा नेतो, तीन पोचतात," तो म्हणाला. "उरलेली सात मीच खाल्ली असं ती धरून चालते. फटीतून चोच येते, ती उंबरं घ्यायला कमी आणि मला टोचायला जास्त."

कालकंठाची गुहा त्याला ठाऊक होती. चारुमतीने बकुळाला नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं, कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करीत राहायला सांगितलं, आणि ती पक्ष्यामागे निघाली.

गुहेच्या तोंडाशी एक दिवा होता आणि त्यात पळीभर तेल. धनेश म्हणाला की आत तीन दऱ्या आहेत, प्रत्येकीवर एकेक दगडी कमान आहे, आणि अंधारात तो येत नाही.

चारुमती दिवा घेऊन आत गेली. सुरुवातीलाच भिंतीशी कोरडे दिवे पडलेले होते आणि प्रत्येक दिव्याशेजारी एक माणूस दगड होऊन बसलेला होता. त्यांनी वात मोठी केली होती आणि तेल वाटेतच संपलं होतं. पहिल्या दरीपाशी तिने खाली पाहिलं. खोल तळाशी फुटक्या दिव्यांचं तेल चकाकत होतं. तिथे पडलेल्यांनी वात वर केलीच नव्हती. मग सपाटीवर तिने वात मोहरीएवढी ठेवली आणि पायाने चाचपत चालली. पायाखाली कड लागली की वात पुरती वर काढावी, कमान नीट पाहावी, ओलांडावी, पुन्हा खाली करावी. तिसऱ्या दरीपाशी तेल थेंबभर उरलं. परतताना काय, असा विचार मनात आला. कमान बोटभर रुंद होती. तिने वात पुरती वर केली. पलीकडे पाऊल पडलं आणि दिवा विझला.

समोर कालकंठ बसला होता. त्याच्या नखांतून उजेड येत होता.

"परतीचं तेल ठेवलं नाहीस," तो म्हणाला.

"आधी पोचायचं होतं."

त्याने नखांचा उजेड तिच्या तोंडावर धरला. मग म्हणाला की मी बंद करतो, उघडत नाही, पण उघडण्याची वाट आहे. डोंगराच्या मागच्या अंगाला तापलेला माळ आहे, माळाच्या टोकाला एक रोपटं आहे. त्याला तांब्यातलं पाणी घालायचं. अर्ध्या तांब्याहून कमी पाणी पोचलं तर ते मरेल. पोचलं तर पान फुटेल. ते पान लेपावर ठेवलं की लेपाला ऐकू येऊ लागेल.

"आणि तिसरं काम?" चारुमतीने विचारलं. कामं तीन असतात, हे त्या राज्यात सर्वांना माहीत होतं.

"तिसरं तुझ्या हातचं नाही. ज्याने बंद करायला सांगितलं त्याने अडला दिवस बोलून दाखवायचा. परवाचा सूर्य बुडाला की पान मरेल."

त्याने तिला भरलेला तांब्या दिला आणि मागचं दार उघडलं.

दुसरा दिवस माळावर गेला. वर ऊन, खाली तापलेला खडक, डोक्यावर धनेशाची सावली येई आणि जाई. तांब्यातल्या पाण्याकडे तिने पाहिलंही नाही. प्रत्येक थेंब बकुळाचा, असं ती मनाशी म्हणत होती. दुपार कलली तेव्हा तिचे गुडघे टेकले. हाताखाली काही लागलं, ते हाड होतं. एक माणूस तिथे कधीतरी आडवा झाला होता. त्याच्या बरगड्यांच्या आत एक तांब्या होता, काठोकाठ भरलेला. थोडं पुढे आणखी एक. आणखी पुढे तिसरा. कुणाच्याही तांब्यातलं पाणी आटलं नव्हतं.

धनेश खाली उतरला. "यांनी एक थेंब वाया घालवला नाही," तो म्हणाला.

चारुमतीने आपला तांब्या छातीशी धरला.

"मी निघताना आधी दोन उंबरं स्वतः खातो, बाई. बायकोला ते सांगत नाही. पण मी वाटेत पडलो तर ढोलीतले सगळेच गेले."

तिने तांब्या ओठाला लावला. लेकराच्या तोंडचं चोरतो आहोत असं तिला वाटलं. तरी तिने चांगले चार घोट घेतले, तोंड पुसलं आणि ती उठली. रोपट्यापाशी पोचली तेव्हा तांब्यात अर्ध्याहून वर पाणी होतं. रोपट्याने ते पिऊन टाकलं आणि तांबूस रंगाचं एक पान पुढे केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर ती राजवाड्यात शिरली. बकुळाचे ओठ आता बोळ्याने उघडत नव्हते. जयकेतुने मान वर केली. चारुमती तशीच कोठीघरात गेली. राजा रांजणाला पाठ टेकून बसला होता. सहा वर्षं तो बहुतेक वेळ तिथेच असे. तिने शिडीवरून लेपावर पान ठेवलं. काळ्या मातीला दोन बारीक कान फुटले.

तिने राजाला सगळं सांगितलं. राजाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते बोलण्याचा मान घरच्या बाईचा."

"मामंजी, त्या नाहीत. आणि मला तुम्ही तो दिला नाहीत."

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं. राजा म्हणाला की माझं ताट तिला द्या, मुकुट विकून परदेशातून धान्य आणा, मी आडवा येत नाही. चारुमती म्हणाली की परदेशचं धान्य यायला महिना लागेल, आणि आलं तरी त्यावरही मूठ पडेल.

राजाने रांजणावरून हात फिरवला.

"सूनबाई, यातले दाणे गेले तर तिच्या हातचं माझ्याकडे काय उरेल?" राजाने विचारलं.

दारात जयकेतु येऊन उभा होता. बकुळा त्याच्या खांद्यावर होती, तिचे पाय लोंबत होते. त्या पंगतीनंतर पहिल्यांदा तो बापाशी बोलला.

"आबा," तो म्हणाला, "आई उपाशी होती."

राजाने त्याच्याकडे पाहिलं. नातीच्या पायांकडे पाहिलं. मग उठला आणि रांजणावर हात ठेवून म्हणाला, "आज अडला दिवस आहे."

लेपाचे कान हलले. लेप जागचा हलला नाही. भिंतीवरचं ऊन छताजवळ पोचून तांबडं झालं होतं, आणि पानाची कड काळी पडू लागली होती.

"म्हटलं ना मी," राजा म्हणाला. त्याचा आवाज राजाचा राहिला नव्हता.

"तिचा दिवस राहिला, मामंजी," चारुमती हलकेच म्हणाली.

राजाने कपाळ रांजणाला टेकलं. जे बोलला ते लेपाला ऐकू गेलं, आणि दारातल्या दोघांनाही. "तोही अडला दिवस होता. तिने ओळखला नाही. मी ओळखला होता. लोक तिला काटकसरी म्हणत, ते मला आवडायचं, म्हणून मी बोललो नाही."

लेप वाळल्या पापुद्र्यासारखा खाली आला.

जयकेतु टोपली आणायला धावला. राजाने शिडीवर चढून दोन बोटांत मावतील तेवढे दाणे उचलले. चारुमतीने टोपली बाजूला ठेवली, राजाची चिमूट आपल्या ओंजळीत घेतली, त्यात रांजणातून चौघांना पुरतील एवढे तांदूळ घेतले आणि चूल पेटवली. पहिली पेज बकुळाची. वाटी तिच्यापुढे धरून तिघे पाहत राहिले. पेजेवर खळगा पडला नाही. बकुळाने एक घोट घेतला, मग दुसरा. मग वाटी आपल्या हातात मागितली. सूर्य तेवढ्यात बुडाला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. ज्यांच्या ताटातून जे गेलं ते त्यांनी येऊन न्यावं. किती, ते कुणालाच सांगता येईना, म्हणून ज्याने त्याने घरात माणसं किती ते पाहून नेलं. रांजण उतरत उतरत पुन्हा पुरुषभर झाला. लेपाबरोबर मांत्रिकाचा बांधही सुटला, आणि दगड झालेली माणसं गुहेतून आपापल्या पायांनी घरी आली. राजाने कमी शिजवण्याचं फर्मान मागे घेतलं. युवराजाने कोठारांना नवी दारं बसवली आणि त्यांच्या किल्ल्या बायकोकडे दिल्या. त्या मानाबरोबर मूठ काढण्याचा मानही राजाने भर दरबारात सुनेला दिला.

पावसाळा आला. एके दिवशी राजाला खोकला झाला. जेवायला बसला तर ताटात तुपाची धार घातलेला मऊ भात, शेजारी सुंठीचं कढण. तांदूळ जुना होता, ते त्याने वासावरून ओळखलं.

"सूनबाई, रांजण उघडलास? एवढ्याशा खोकल्याला?"

"दिवस मी ठरवते, मामंजी," चारुमती म्हणाली. "जेवा. निवेल."

राजा जेवला. भात पुन्हा मागून घेतला.

त्या राज्यात जेवणारे असेच जेवत राहिले, आणि गोष्ट सांगणाऱ्याने हात धुतले.