ठकूबाईची खिंड

बसा, दम घ्या. हिला ठकूबाईची खिंड म्हणतात. मतदानाच्या दिवशी आमच्या गावच्या बाया आधी इथं चढून येतात आणि आपापलं नाव मोठ्यानं घेतात. पाव्हणे विचारतात, हे कशापायी?

पहिल्या निवडणुकीच्या आधी म्हणे गावात यादी करायला कारकून आला. बाया दाराआड उभ्या. नाव विचारलं तर कुणी म्हणाली मारुतीची आई, कुणी कोंडिबाची मालकीण. त्यानं तेच लिहून नेलं. पुढं वरून हुकूम आला, असली नावं चालायची नाहीत. सगळी खोडली.

ठकूबाई ढेबे गावची सुईण, साठीची विधवा. गाव तिला सुईणआत्याच म्हणायचं. ती खिंड उतरून तालुक्याला गेली. कारकुनानं नाव विचारलं, तेव्हा तिला म्हणे क्षणभर ते आठवेचना.

"बाकीच्या बायांचीबी लिवा," ती म्हणाली.

"जिचं तिनं येऊन सांगायचं," कारकून म्हणाला. "दहा दिवस आहेत."

सुगी चालू होती. गाव दिवसाला एकीपेक्षा जास्त बाई कामावरनं सोडेना, आणि एकटीनं जायला कुणी धजेना. मग ठकूबाईच प्रत्येकीबरोबर गेली. रोज तीन कोस जाणं, तीन कोस येणं. कुणी कचेरीच्या दारातनं लाजून माघारी फिरायची, की ठकूबाई दुसऱ्या दिवशी तिलाच पुन्हा न्यायची. दहा दिवसांत सात नावं लागली.

दहाव्या दिवशी परतताना ठकूबाई इथं टेकली. बरोबर यमुना नावाची नवी सून होती.

"आत्या, उठा, दिवस कलला," ती म्हणाली.

"तू हो पुढं. पाय ऐकंनात आता."

यमुना माणसं घेऊन आली, तोवर जीव गेला होता.

मतदानाला जाताना त्या सातजणी इथं थांबल्या. एकेकीनं आपलं नाव घेतलं, शेवटी ठकूबाईचं घेतलं, आणि उतरल्या. तिथून ही चाल पडली, असं सांगतात.

आता मतदान गावच्या शाळेतच होतं. तरी आजही बाया आधी खिंड चढतात. आमच्या कारभारणीचे गुडघे सुजतात, पण तीही राहत नाही. गेल्या खेपेला आमच्या सुनेचं नाव यादीतनं गळलं होतं. तिनं इथं नाव घेतलं, पदर खोचला आणि तशीच पलीकडं तालुक्याला उतरली. त्या दिवशी नाव काही लागलं नाही. पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली.