आत्याची साक्ष

“एकटीने? पुन्हा म्हण बघू. एकटीने म्हणालीस?”

“त्या भाषेत असंच म्हणतात गं आत्या!”

“अस्सं? मग वर्षभर तुला कुशीवर वळवत कोण होतं? मी, का शेजारणीची मांजर?”

हे भांडण फार फार जुन्या काळचं आहे. तेव्हाच्या राजांची नावं लोक विसरले, गावाचं नावही विसरले. भांडण मात्र लक्षात ठेवलं, आणि बरंच केलं. लहानांनी ऐकावं, आणि मोठ्यांनी तर जरा कान उघडे ठेवूनच ऐकावं.

नदीकाठी रंगाऱ्यांची वस्ती होती. तिथे हौसा नावाची एक मुलगी आपल्या विधवा आत्याजवळ राहत होती. एकदा भट्टीवरची कढई कलंडली आणि उकळता लाल रंग हौसाच्या अंगावर आणि दोन्ही हातांवर सांडला. जीव वाचला, पण बोटं आखडली. मुठी मिटल्या त्या उघडेनात. ती अंथरुणाला खिळली. जेवण दुसऱ्याच्या हातचं, पाणी दुसऱ्याच्या हातचं, वेणीसुद्धा दुसऱ्याच्या हातची.

आत्या रोज तिच्या बोटांना तेल लावायची आणि मुठीत भिजवलेल्या पिठाचा गोळा ठेवायची. “दाब,” म्हणायची. हौसा रडायची. “रड, पण दाब,” आत्या म्हणायची. पुढे त्याच पिठाच्या वेड्यावाकड्या भाकऱ्या व्हायच्या, आणि आत्या त्या खायची. नावं ठेवत खायची, पण खायची.

असं करत करत बोटं उघडली. हौसा उठली, कामाला लागली. एक गोष्ट मात्र राहिली. भट्टी पेटली, की ती अजून दाराबाहेर पळे. रंगाऱ्याच्या घरात भट्टीला भिऊन कसं चालायचं?

तेवढ्यात दवंडी आली. घाटाखाली राणीने एक शुश्रूषाघर बांधलं होतं. भाजलेले, कड्यावरून पडलेले, पुरातून ओढून काढलेले लोक तिथे आणत. तिथली म्हातारी कारभारीण थकली होती, तिच्या जागी नवं माणूस हवं होतं. अट एकच होती. जो स्वतः मोठ्या संकटातून वर आला असेल, त्यानेच यावं आणि दरबारात आपली हकिकत सांगावी.

हौसाला वाटलं, हे काम आपलंच. भाजलेल्या माणसाला चादरीचा काठ टोचला तरी काय होतं, हे तिला ठाऊक होतं. आणि हे काम मिळालं नाही, तर जन्मभर तीच भट्टी होती.

आता अडचण बघा. राणी दर्यापलीकडून आलेली. त्यामुळे दरबारात दर्यापारचीच भाषा चाले. तुम्हाला आज जशी इंग्रजी, तशी त्या लोकांना ती भाषा. ती आली नाही तर माणूस दारातच छोटं होई. शिवाय तिथे एक रीत होती. काही मागायला आलेल्याने आधी आपली हकिकत सांगायची, आणि ती सांगून झाली, की घरच्या एका माणसाने उभं राहून त्याच भाषेत ‘खरं आहे’ म्हणायचं. साक्ष नसेल, तर आल्या पावली परत.

ती भाषा वस्तीत एकट्या पंतोजींना येत होती. त्यांनी हौसाला संकटावर बोलायचे शब्द शिकवले. झुंज. मात. शिखर. वादळ. एकटीने. हौसाने ते घोकून घोकून पाठ केले आणि अर्थ सांगून आत्याला ऐकवले. ‘संकटाच्या वादळाशी मी एकटीने झुंजले, भीतीला पायाखाली तुडवलं आणि यशाच्या शिखरावर उभी राहिले.’

आणि तिथेच ठिणगी पडली.

“भीतीला तुडवलंस म्हणे! काल चुलीत ढलपी तडकली, तर कोण किंचाळलं गं?”

“ते दरबारात सांगू? भित्री म्हणून हाकलून देतील मला.”

“भीतीचं तू बघ. पण ‘एकटीने’ म्हणालीस, तर ‘खरं आहे’ म्हणायला मी उठणार नाही. मला खोटं बोलता येत नाही आपल्या भाषेत. त्या परक्या भाषेत कशाला शिकू?”

“तुला तुझं नाव हवंय दरबारात, दुसरं काय!”

हे बोलणं लागलं. आत्याच्या तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं. पण ती रडणारी बाई नव्हती. तिने हौसाचं मनगट धरलं आणि तिला ओढतच पंतोजींच्या ओसरीवर नेलं.

“पंतोजी, तुमच्या त्या भाषेत ‘हिने मला उठवलं’ म्हणायला शब्द नाही का? एवढी मोठी भाषा, आणि त्यात कुणी कुणाला भाकर भरवत नाही?”

पंतोजी मवाळ माणूस. त्यांनी जानव्याशी चाळा केला आणि खाली बघत म्हणाले, “असेल आक्का, शब्द असणारच. मला ठाऊक नाही, इतकंच. मी ती भाषा शिकलो दर्यापारच्या फौजेच्या तळावर. पाणी भरता भरता शिपायांच्या तोंडून ऐकली. ते जिंकल्याचं बोलायचे, तुडवल्याचं बोलायचे. आपलं पोर आजारी पडलं, तर त्याच्या उशाशी काय बोलायचे, ते काही त्यांनी मला शिकवलं नाही.”

यावर आत्याला भांडता येईना. खरं बोलणाऱ्याशी भांडायचं कसं? ती म्हणाली, “मग जितके होते तितके दिलेत तुम्ही. तुमचा दोष नाही.” आणि हौसाकडे वळून म्हणाली, “तुझा आहे. तुझ्या तोंडात जीभ आहे.”

“जीभ आहे, पण शब्द नाहीत ना आत्या! शब्दांवाचून काय हातवारे करू?”

“कर.”

दोघी राजधानीला निघाल्या. आत्या दहा पावलं पुढे, हौसा मागे. झऱ्यावर पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा आत्याने सवयीने हौसाच्या हातांना तेल लावलं. तेही तोंड फिरवून.

दरबार भरला होता. राणी आता वयस्कर झाली होती. ती गप्प बसून ऐकत होती, आणि बोलायचं काम तिचा कारभारी करत होता. हा कारभारी नियमाचा पक्का. नियमाबाहेर त्याला शिंकही आली नसती.

आधी एक नावाडी उठला. तो पुरात सापडून एक पाय गमावून बसला होता. म्हणाला, ‘वादळाशी मी एकट्याने झुंजलो, शिखरावर उभा राहिलो.’ त्याची बायको उठली आणि पदराचं टोक चावत ‘खरं आहे’ म्हणाली. मग एक लाकूडतोड्या उठला. त्याचंही तेच वादळ, तेच शिखर, तोही एकटाच. त्याच्या भावाने मान खाली घालून साक्ष दिली. वेगवेगळी माणसं, वेगवेगळी दुखणी, पण हकिकत एकच. कारण जो तो आपापल्या गावच्या कुणा पंतोजीकडूनच शिकून आला होता, आणि त्या सगळ्या पंतोजींना ती भाषा तळावरच मिळाली होती. राणीचे डोळे मिटू लागले होते.

मग हौसा उभी राहिली. घोकलेलं बोलू लागली. वादळ आलं, झुंज आली. आता ‘एकटीने’ यायचं होतं. तिने सहज मागे पाहिलं. आत्या बाकाच्या टोकाशी बसली होती. एकही शब्द कळत नव्हता तिला, तरी ती हौसाच्या हातांकडे बघत ओठ हलवत होती. दाब, दाब, म्हणत असेल.

हौसा थांबली. पुढचं आठवेना असं झालं नव्हतं. पुढचं तोंडातून निघेना.

मग ती बोलली ते असं. पंतोजींनी दिलेले तेवढेच शब्द होते तिच्याजवळ, त्यातलेच तिने फिरवले. “मी जिंकले नाही. आग जिंकली. वर्षभर आग जिंकली. मी पडले. ही...” तिने आत्याकडे बोट दाखवलं. ‘उठवलं’ या अर्थाचा शब्द नव्हता. तिने आपली मूठ मिटली, दुसऱ्या हाताने एकेक बोट उघडून दाखवलं. “ही. रोज. आज भीती आहे. उद्या भीती आहे. भीतीबरोबर मी उभी आहे.”

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. दुसऱ्याने त्याला साथ दिली.

आत्याला वाटलं, पोरीचं चुकलं आणि लोक हसताहेत. मग काय! नियम गेला चुलीत. ती ताडकन उठली आणि छत दणाणेल अशा आवाजात ओरडली, “खरं आहे!” दर्यापारच्या भाषेत. म्हणजे तो शब्द ती गुपचूप शिकली होती.

कारभारी चिडला. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. “बाई, ती काय बोलली ते तुला कळलं तरी का? मग कशाला साक्ष देतेस?”

“कळलं नाही,” आत्या आपल्या बोलीत म्हणाली. “पण ते हसणारे खोटे आहेत, एवढं कळलं.”

कारभाऱ्याने तिला अर्थ सांगितला. आत्या हौसाच्या हातांकडे बघत ऐकत गेली.

“आता नियम असा आहे,” कारभारी म्हणाला, “की जो संकटातून वर आला त्यालाच काम. ही मुलगी म्हणते भीती आहेच, आणि उठवलंस तू. तर मग संकट पार केलं कुणी? हिने का तू?”

“हिने,” हौसा म्हणाली, आत्याकडे बोट करून.

“मी? काहीतरीच काय बडबडतेस! कातडी कुणाची सोलवटली होती? बोटं कुणी उघडली?”

“पिठाचा गोळा कुणी ठेवला?”

“गोळा कुणीही ठेवील! रडत रडत दाबला कुणी?”

“तू नसतीस तर मी दाबलाच नसता!”

“आणि तू दाबला नसतास तर मी काय, मीच दाबून दाखवणार होते?”

बघा, माणसं कशी असतात. घरी आपापला मान राखायला भांडत होत्या, आणि इथे भर दरबारात तोच मान एकमेकींच्या गळ्यात घालायला भांडू लागल्या. कारभारी “शांत राहा, शांत राहा” म्हणत राहिला. त्याचं कोण ऐकतं?

इतक्यात राणी हसली. मोठ्याने हसली. दोघी गप्प झाल्या. राणी त्यांच्याच बोलीत म्हणाली, “माझ्या माहेरच्या भाषेत आहेत गं हे शब्द. भरवणं, उठवणं, उशाशी बसणं, सगळं आहे. माझ्या आईच्या तोंडून मी पहिल्यांदा तेच ऐकले. पण ते इथवर कुणी आणलेच नाहीत. दर्या ओलांडून आधी फौज आली, आणि तुम्हाला तिचेच शब्द मिळाले.”

सगळा दरबार चाट पडला. राणीला आपली बोली येते! का येऊ नये? इतकी वर्षं दायांशी, मोलकरणींशी ती काय मुक्याने बोलत होती? दरबारात कुणी तिला त्या बोलीत हाक मारली नव्हती, एवढंच.

तरी कारभाऱ्याचं समाधान होईना. वाईट नव्हता तो, पण त्याला नीट उलगडा हवा होता. तो म्हणाला, “मुली, सगळ्यांनी ‘एकट्याने’ म्हटलं. कुणाचं काही बिघडलं नाही. तूही म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?”

हौसा म्हणाली, “मी अंथरुणावर होते तेव्हा एक पाहुणा आमच्याकडे आला होता. दरबारात ऐकलेली हकिकत त्याने मला धीर द्यायला सांगितली. एक माणूस माझ्यासारखाच भाजला होता आणि एकट्याने उठला, म्हणे. त्या रात्री मी भिंतीकडे तोंड केलं. कितीतरी दिवस पिठाचा गोळा हातात घेतला नाही.”

आत्या दचकली. ते दिवस तिला आठवत होते. कारण आज कळलं.

मग हौसा आणखी एकच वाक्य बोलली. ते ऐकून आत्या खाली बसली. कारभाऱ्याने नियमाचं नाव काढलं नाही. नावाड्याने बाकावर बसल्या बसल्या आपल्या बायकोचा हात हातात घेतला, आणि ती भर दरबारात हुंदके देऊन रडली.

काम हौसाला मिळालं. आत्याही न विचारता तिच्या मागोमाग शुश्रूषाघरात गेली आणि भाजलेल्यांवर ओरडू लागली. नवं कुणी तिथे आणलं, की हौसा आपले वाकडे हात त्याला दाखवी आणि त्या वर्षाची हकिकत सांगे, रडण्यासकट, भाकऱ्यांसकट. राणीने पंतोजींना बोलावून घेतलं आणि आपल्या आईचे शब्द त्यांना शिकवले. तेव्हापासून त्यांच्या ओसरीवर मुलं आधी ते शब्द शिकली, झुंज आणि शिखर मागाहून.

आणि ज्या वाक्याने ते भांडण मिटलं, तोच या गोष्टीचा बोध. हौसा म्हणाली होती,

“उठलेल्या माणसाने उठवणारा हात लपवला, की अंथरुणावर पडलेल्याला वाटतं, सगळे एकटे उठतात, मलाच तेवढं जमत नाही.”