सरणाची लाकडं

१९५८ सालचा पौष महिना होता. वणीकडे त्या वर्षी थंडीने म्हातारी माणसं पटापट गेली. गिरजाबाई आसुटकरची सून बाळंतीण होती आणि घरात जळण नव्हतं.

तिचं जळण कोळशाचे ठेकेदार बळवंतराव यांनी उसनं नेलं होतं. श्रावणाच्या झडीत त्यांचे वडील वारले, तेव्हा गावात कोरडं लाकूड फक्त गिरजाबाईच्या पडवीत होतं. दिवाळीला परत करतो म्हणून त्यांनी गाडीभर नेलं. आता त्याच्या बदल्यात त्यांनी गाडीभर दगडी कोळसा पाठवला.

तिच्या मातीच्या चुलीला खाली जाळी नव्हती. वारा लागेना, कोळसा पेटेना. नुसता धूर कोंडला आणि तान्हं लेकरू काळंनिळं पडलं. तेव्हा ती ठेकेदाराच्या ओसरीवर आली. आम्ही मजूर तिथे हजेरीला उभे होतो.

"मालक, हा कोळसा न्या. माझं लाकूड द्या."

"गिरजे, लाकडापरीस कोळसा महाग. लाकूड जळते तिथं कोळसाबी जळते. तुले चूल पेटवता येत नाही, त्याले मी काय करू?"

ते हसले. भीतीपोटी आम्हीही हसलो.

गिरजाबाई म्हणाली, "श्रावणात तुमच्या अंगणात कोळशाचा डोंगर होता, मालक. मंग बापाले जाळाले माझ्या दारी लाकूड मांगाले कावून आले?"

ठेकेदाराने मान खाली घातली.

दिवस मावळायच्या आत लाकडाची गाडी तिच्या दारात रिकामी झाली.