उतराईचा तांब्या

“…मग दोष कशात आहे, बाबा? नळीत तर नाही ना?”

विचारणारा निशिकांत पाटणे, अभियंता. उत्तर ज्यांच्याकडे मागितले ते सोनगिरी गोसावी, कोकणातील एका उष्णोदकाच्या कुंडाचे वृद्ध राखणदार.

निशिकांताने कुंडात नव्या मिश्रधातूची नळी उतरवली होती. आतला लेप असा, की क्षार धरत नसे आणि ऊब वाटेत सांडत नसे. त्या उबेवर गावातल्या बायका काजू वाळवीत. आता कुंडाचे पाणी दोन पायऱ्या खाली गेले होते. आणखी एक पायरी, की नळी कोरडी. आणि ऐन हंगामात बायका पुन्हा ओल्या लाकडांच्या धुरात.

सोनगिरींनी नळीवर हात ठेवला, तो कपाळाला लावला.

“हिचे फार उपकार रे. काजू वाळवणाऱ्या आमच्या भागीचे डोळे हिनं धुरातून वाचवले.”

“नळीचे कसले? लेपाचे म्हणा. सात वर्षं घातली त्यात.”

“बरं, लेपाचेही.”

त्यांनी कुंडातून तांदळाची पुरचुंडी वर ओढली. शिजलेला भात पानावर वाढून निशिकांतापुढे सरकवला. मग ओढ्याच्या गार पाण्याने तांब्या भरून ते कुंडामागच्या कातळावर चढले.

कुंडात ज्याने शिजवले, त्याने वरच्या कपारीत तांब्याभर गार पाणी ओतावे, असा तिथला रिवाज. गाव त्याला उतराई म्हणते.

सोनगिरी भरला तांब्या घेऊन नुसतेच उभे राहिले.

“ओता ना, बाबा.”

“कुठं?”

कपारीवर सिमेंटचा गुळगुळीत थर होता.

…

“मीच बुजवली,” निशिकांत म्हणाला. “गार पाणी शिरून ऊब मरेल म्हणून.”

“हो. पौषात.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“रोज येऊन उभा राहतो की. तू नळीकडे बघत असतोस.”

निशिकांताने खाली पाहिले. नळीतून येऊन निवलेले पाणी त्यानेच खणलेल्या चरातून ओढ्याला मिळत होते, कातळात परत थेंबही जात नव्हता… पौषापासून.

भात तसाच ठेवून त्याने छिन्नी आणली. थर फुटायला दुपार झाली.

सोनगिरींनी तांब्या त्याच्या हाती दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, वाकला, ओतला. पाणी आत उतरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“बाबा, इतकं गार पाणी… त्यानं ऊब कशी वर येणार?”

“कुंडातलं पाणी पहिल्यांदा आत गेलं, तेव्हाही ते गारच होतं.”